बार बंद झालाय

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मुलाकडे न्यू जर्सीला निघालो होतो, तेव्हा विमानातल्या मुलीनं मला दारू द्यायला नकार दिला.

"सर, बार बंद हो गया है," ती म्हणाली. वय माझ्या मुलाएवढं. अंबाडा घट्ट, हसू बेताचं, मान किंचित कललेली.

उतरायला अजून सात तास होते. विमानातला बार सात तास आधी बंद होत नाही. परतीच्या फ्लाइटला मुंबईत उतरण्याआधी बारच्या ट्रॉल्यांना कुलूप पडतं, सील लागतं, सीलचा नंबर कस्टमच्या कागदावर चढतो. हे सगळं अगदी शेवटी. अटलांटिकवर मधेच कुणी बार बंद करत नाही. हे मला माहीत, कारण सव्वीस वर्षं मी हेच काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं हेच वाक्य म्हटलं. मान सुद्धा अशीच कलवत असे.

माझे कान गरम झाले. खिडकीकडच्या बाईनं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, पण तिनं ऐकलं होतं. आणि मग माझ्यासमोर आजवर प्रत्येक पिणाऱ्यानं जे केलं, तेच मी केलं. मी कोण आहे ते सांगितलं.

"बेटा, मी स्वतः क्रू होतो. सव्वीस वर्षं."

"जी सर. पानी लाऊँ?"

तिच्या जागी मी असतो तर मलाही हेच सुचलं असतं. चौथा पेग मागताना माणूस ओळख सांगायला लागला की समजावं. मला आजवर दोन न्यायाधीश, एक पोलीस उपायुक्त आणि आमदारांचे बरेच मेहुणे भेटले. एका आमदाराला एवढे मेहुणे असतात हे मला तीस हजार फुटांवरच कळलं.

मी पाणी घेतलं आणि डोळे मिटून बसलो. झोप काही आली नाही.

आमचं घर उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, सुभाष टेकडीच्या बाजूला. बाबा कॅम्प तीनमधल्या एका परमिट रूममध्ये वेटर. पुढे कॅप्टन झाले, म्हणजे गळ्यात काळा बो आला. पगार होता तिथेच राहिला. मी विमानात लागलो तेव्हा चाळीत लोक गमतीनं म्हणत, बाप जमिनीवरचा कॅप्टन आणि पोरगा हवेतला वेटर. बाबांना ते आवडायचं नाही. मला तर मुळीच नाही.

उल्हासनगर आणि दारूबंदी तशी जुळी भावंडं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदाही 1949 चाच. तो कायदा आजही आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर परमिट रूम लिहायचं. बाबांच्या काउंटरखाली एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक असायचं. ते कुणी मागितलेलं मी पाहिलं नाही. पुस्तकाखालचे बूट पॉलिशचे डबे मात्र रोज निघायचे.

शाळेतून मी कधी कधी त्यांचा डबा घेऊन जात असे. आत जायची मला मनाई. मागच्या दारानं किचनमध्ये, तिथून फळीवरच्या खिडकीतून बाबा दिसायचे. त्यांच्याकडे सहा टेबलं होती. काउंटरच्या वरच्या फळीवर सहा रिकाम्या काडेपेट्या ओळीनं मांडलेल्या. अंबरनाथच्या विम्कोच्या. (विम्को बंद पडून जमाना झाला, नाका मात्र अजून विम्को नाकाच.) टेबलावर क्वार्टर गेली की त्या टेबलाच्या पेटीत एक काडी पडायची. बिलासाठी वेगळी वही होती. काड्या टेबलावरच्या माणसासाठी. कुणाची किती झाली हे गिऱ्हाईक सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि आपल्या डोक्यावर तर त्याहून नाही, असं बाबांचं म्हणणं.

दोन काड्या झाल्या की बाबा हळू व्हायचे. बर्फ फोडायला मागे यायचे आणि बराच वेळ यायचेच नाहीत. न मागता मसाला पापड ठेवायचे, उकडलेले चणे ठेवायचे. तिसरीला ग्लासाच्या काठाला दारूचं बोट फिरवून आत नुसता सोडा. वास येतो, माणूस खूष. आणि चौथी मागितली की, "शेठ, किचन बंद झालं. गल्ला लागला."

"तुम्हाला जास्त झालीय" हे त्यांनी कधी म्हटलं नाही. असं म्हणणाऱ्या वेटरला बाटली लागते, आणि ती तोंडाला नाही लागत, डोक्याला लागते, असं ते सांगायचे. त्यांच्या डाव्या भुवईवर एक जुनी खूण होती. ती नोकरीच्या पहिल्या वर्षातली.

मी 1996 साली विमानात लागलो. पहिली पाच वर्षं देशातल्या देशात. आपल्याकडे देशांतर्गत विमानांत दारू देतच नाहीत, त्यामुळे आई निर्धास्त होती. मुलगा चहा-नाश्ता वाटतो. तिनं घरात एक बाटलीवाला पाहिला होता, दुसरा नको होता. लग्नानंतर आम्ही बदलापूरला आलो, पूर्वेला, कात्रपला. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती आणि आमच्या पगारात घर बसत होतं. कंपनीची गाडी न्यायला यायची, पण तिची हद्द बदलापूरच्या पुष्कळ अलीकडे संपायची. मग काय, गणवेशावर साधा शर्ट चढवायचा, चाकांची बॅग घ्यायची आणि लोकल.

रात्री परततानाची शेवटची कर्जत ही माझी दुसरी शाळा. त्या गाडीत कल्याणच्या पुढे अर्धा डबा पिऊन असतो. कुणी कुणाला नको म्हणत नाही. विठ्ठलवाडीला एक उतरतो, उल्हासनगरला दोघं तिसऱ्याला धरून उतरवतात, अंबरनाथला एकजण झोपेतच राहतो आणि बदलापूरला उठून विचारतो, अंबरनाथ आलं का. मी नऊ तास लोकांना गोड बोलून दारू नाकारून आलेला असायचो आणि तिथे माझ्याच खांद्यावर कुणाचं तरी डोकं पडलेलं असायचं. बाजूचा विचारायचा, "एअरपोर्टला कामाला काय?" मी हो म्हणायचो. पुढचा प्रश्न ठरलेला. "मग ड्यूटी फ्रीची एखादी?"

लोकांना वाटतं विमानातला माणूस भरपूर पीत असेल. उलट आहे. ड्यूटीआधीचे बारा तास एक थेंब चालत नाही आणि निघण्याआधी नळीत फुंकायचं. आकडा शून्यच यायला हवा, शून्याच्या जवळपास चालत नाही. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने घरी. मला खोकला झाला की सासूबाई द्राक्षासवाची बाटली काढायच्या आणि बायको ती परत कपाटात ठेवायची. आसव-अरिष्टात दारू असते हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. आता तर अल्कोहोल असलेलं माउथवॉश वापरायलाही बंदी आहे.

तर 2001 नंतर मी लांबच्या फ्लाइटवर गेलो आणि बाबांच्या सगळ्या युक्त्या बरोबर नेल्या. काडेपेट्या नेता येत नाहीत. विमानातली बाटली पन्नास मिलीची, तिला आम्ही मिनी म्हणायचो. मिनी उघडली की झाकण मी वेस्टकोटच्या खिशात टाकायचो. उजवा खिसा उजवीकडच्या रांगांसाठी, डावा डावीकडच्या. प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं. पापडाऐवजी शेंगदाण्यांची पुडी. बर्फ फोडण्याऐवजी "कार्ट पुढे गेलीय, आणतो". आणि किचन बंदच्या जागी बार बंद.

मुद्दाम दारू कमी देतात, कंजूष आहेत, असं प्रवाशांना वाटतं. फुकट आहे तर द्या की. पण विमानात माणूस बसतो कुठे हे तो विसरतो. केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तशी विरळ ठेवलेली असते. आपलं कळसूबाई 5400 फुटांचं. म्हणजे कळसूबाईवर आणखी निम्मं कळसूबाई चढून, दहा तास हालचाल न करता, कोरड्या हवेत बसून पेग घ्यायचा. रक्तातली दारू काही वाढत नाही, प्राणवायू कमी होतो, आणि माणसाला वाटतं आज लवकर चढली. 2024 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 48 निरोगी माणसांवर हे करून पाहिलं. दोन कॅन बिअर होईल एवढी दारू पाजून विमानाइतक्या कमी दाबात झोपवलं, तर झोपेत रक्तातला प्राणवायू 85 टक्क्यांच्या आसपास घसरला आणि हृदयाचे ठोके 88 च्या जवळ गेले. ही निरोगी माणसं होती. आमच्याकडे मधुमेह, रक्तदाब आणि पायांत सूज घेऊन नातवंडाच्या बारशाला निघालेले काका असतात.

अशाच एका काकांनी माझी युक्ती मोडली.

2012 ची गोष्ट. मुंबई-लंडन, साडेनऊ तास. 38 सी. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशाला पेन. बाजूला काकू, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. पहिल्या तासात काकांनी दोन घेतल्या, दुसऱ्या तासात आणखी तीन, जेवण तसंच परत दिलं. काकू स्वच्छतागृहाच्या रांगेत येऊन गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या किचनच्या, पडद्याशी थांबल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "तुम्ही आपलेच दिसता. त्यांना आता देऊ नका हो. पण मी सांगितलं असं सांगू नका."

माझ्या खिशात तोवर पाच झाकणं. त्यांनी बटण दाबलं. मी गेलो, मान कलवली, "काका, बार बंद झालाय."

परमिट रूमला काउंटर एक असतो. मोठ्या विमानाला दोन वाटा असतात, हे बाबांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं आणि मी विसरलो. पलीकडच्या वाटेनं आमचाच एकजण ट्रॉली घेऊन आला आणि 38 एफच्या गोऱ्या बाईला त्यानं रेड वाइन ओतली. काकांनी ती बाटली पाहिली, ग्लास पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि उभे राहिले.

"तिला आहे आणि मला बंद? का रे? मी भीक मागतोय काय?"

आवाज चढला. चार रांगा मागे वळल्या. मी काहीतरी म्हणालो, ती वाइन होती, हार्ड ड्रिंक बंद आहे. एका खोट्याला दुसरं. काकांनी माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीला बोट लावलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. काकू पिशवीकडे बघत बसल्या होत्या. मी गॅलीत आलो तेव्हा हात थरथरत होते.

गॅलीत आमची एक ज्युनिअर होती. अंबरनाथची, ऑर्डनन्सच्या वसाहतीत वाढलेली. वडील फॅक्टरीत. चारेक वर्षं नोकरी झालेली. एरवी अशा वेळी मुली मला पुढे करायच्या, "दादा, अडतीसला तू जा ना." पुरुषानं नाही म्हटलं की प्रवासी भांडतो, मुलीनं म्हटलं की हात धरतो, असा आमच्याकडचा हिशेब. त्यातला दुसरा भाग खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या दिवशी ती म्हणाली, "दादा, तू खोटं का बोललास?" मी म्हटलं, त्यांचा मान राहावा म्हणून. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे बोलवेना. एप्रन नीट केला आणि गेली.

मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. ती काकांच्या सीटशी उकिडवी बसली, त्यांच्या डोळ्यांच्या खाली आली.

"काका, बार उघडा आहे. दादा खोटं बोलला. पण मी तुम्हाला आता देणार नाही. दोन तासांनी मी स्वतः येते, तेव्हा बोलू."

"कोण सांगतं तुला असं?"

"कोणी नाही. मीच ठरवलंय."

काका थोडा वेळ गप्प. मग, "किती झाल्या माझ्या?"

"पाच."

"तीन."

ती वाद घालत बसली नाही. पाण्याचा ग्लास ठेवला आणि आली. मला वाटलं बटण परत वाजेल. वाजलं नाही. दोन तासांनी ती खरोखरच गेली, हे मला आजही विशेष वाटतं. आम्ही "थोड्या वेळानं येतो" म्हणायचो ते न येण्यासाठीच. ती गेली तेव्हा काका तोंड उघडं टाकून झोपलेले. काकू जाग्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उतरताना दारात काकांनी तिला नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर होतं त्यांचं.

काकांना दारू मिळाली नाही याचा राग नव्हता, हे मला नंतर लोकलमध्ये उमगलं. वाटलं होतं त्यांचा मान ठेवतोय. खरं तर मी माझी भुवई वाचवत होतो. किचन बंद, बार बंद, सील लागलं. नकाराला कुणाचंच नाव नाही. त्या पोरीनं नकार स्वतःच्या नावावर घेतला.

हे लिहायला सोपं आहे. करायला का अवघड, तेही सांगतो, नाहीतर ही गोष्ट गोड होऊन जाईल.

विमानात नकार खालच्या बाजूला सहज वाहतो. आखाताच्या फ्लाइटवर गवंडी, फिटर, सुतार असत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिश मारणारी पोरं एका वेळी पाच-सहा निघालेली मी पाहिली आहेत. पहिल्यांदाच विमानात, दोन वर्षांनी परतणार. ती दुसरी बिअर मागायची तर आमच्यातला कुणी म्हणायचा, "यांना एकच, नाहीतर दंगा करतील." दंगा व्हायच्या आधीच शिक्षा. "दो देना साब" असं हात जोडून म्हणणाऱ्याला मी "खत्म हो गया" म्हटलेलं आहे आणि त्याच वेळी पुढच्या वर्गात शॅम्पेनची दुसरी बाटली फुटत होती. बाबांचंही तेच होतं. लुंगीवाल्या हमालाला दोन काड्यांत किचन बंद व्हायचं. जीन्सच्या कारखान्याच्या शेठला चार काड्या झाल्या तरी पाचवीला पेटीत जागा असायची. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "शेठ मालकाला फोन करतो."

माझ्याही बाबतीत शेठनं मालकाला फोन केला. 2009 मध्ये बिझनेस क्लासमध्ये एका गृहस्थांना मी सहावी दिली नाही. ते पायांवर उभे राहत नव्हते. त्यांनी उतरल्यावर तक्रार केली. आठवड्यात मला मेमो आला, ग्राहकाशी असौजन्य का केलंत याचा खुलासा करा. मी खुलासा केला. सहा महिने मला लांबची फ्लाइट मिळाली नाही. काही सिद्ध झालं नाही, काही फेटाळलंही गेलं नाही. त्यानंतर पुढच्या वर्गात मी ओतत गेलो. सगळेच ओतत गेले.

मी 2022 च्या मार्चात स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-दिल्ली विमानात बिझनेस क्लासमधल्या एका प्रवाशानं दारूच्या नशेत एका वयस्क बाईंवर लघवी केल्याचा आरोप झाला. प्रकरण बाहेर यायला जानेवारी उजाडला. मग विमानसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनं कंपनीला 30 लाखांचा दंड केला, वैमानिकाचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. गंमत म्हणजे नियम आधीपासून होते. दंगेखोर प्रवाशांचे तीन स्तर 2017 मध्येच ठरले होते. शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान दोन वर्षं. विमानात काय झालं हे मी सांगणार नाही, मी तिथे नव्हतो. पण ते बिझनेस क्लासमध्ये झालं असं वाचलं तेव्हा मला माझा मेमो आठवला.

त्यानंतर कंपनीनं दारू देण्याचं धोरण सुधारलं, पेपरात छापून आलं. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. प्रवाशाला तोंडावर दारुडा म्हणू नका, शेवटचा एकच म्हणून गळ घातली तरी ऐकू नका, पण बोला सौम्यपणे. मी ते वर्तमानपत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांना तेव्हा ऐकू कमी यायचं. दोनदा वाचावं लागलं. "दिवे कशाला," ते म्हणाले, "काड्या होत्या की." त्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या परमिट रूमच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

न्यू जर्सीच्या विमानात डोळे मिटून बसलो होतो तेव्हा यातलं बरंच मनात येऊन गेलं. राग मात्र गेला नव्हता. तीनच तर झाल्या होत्या. जेवणाआधी एक, जेवणाबरोबर एक, सिनेमा बघताना एक. तीन पेगवर मला कुणी अडवावं? चालताना तोल जात नव्हता, आवाज चढला नव्हता. (चढला होता का? खिडकीवाली बाई दोनदा माझ्याकडे वळली होती.) आणि अडवायचं तर नीट अडवा, माझ्यासारख्याला बार बंद म्हणून काय सांगता?

मी स्वच्छतागृहात गेलो. तोंडावर पाणी मारलं. रुमालासाठी शर्टाच्या खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी लागलं.

इतक्या वर्षांची सवय. मिनी उघडली की झाकण खिशात. बेसिनच्या कडेवर एकेक ओळीनं मांडली. पाच होती.

दोन कुठून आली हे मी बराच वेळ आठवत उभा राहिलो. मग आठवलं. अंधार झाल्यावर पाय मोकळे करायला मागच्या गॅलीत गेलो होतो. तिथे दुसरा पोरगा होता. त्याच्याशी गप्पा मारल्या, क्रू होतो म्हणून सांगितलं, त्यानं आदरानं दोन दिल्या. म्हणजे एका वाटेवर नाही म्हणतील म्हणून मी दुसऱ्या वाटेनं गेलो होतो, आणि ते मी केलं हे मला माहीत नव्हतं. त्या मुलीला मात्र माहीत होतं. दोघांनी गॅलीत हिशेब जुळवला असणार. चांगले क्रू जुळवतात.

कुणीतरी दार वाजवलं. मी झाकणं परत खिशात टाकली.

उतरताना ती दारात उभी होती. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण मागे रांग होती आणि तिनं सगळ्यांना म्हणतात तसं "थँक यू सर" म्हटलं. मी मान हलवली. मुलानं गाडीत विचारलं, प्रवास कसा झाला. म्हटलं, बरा झाला.

दोन दिवसांनी कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म मोबाइलवर आला. मी सहसा भरत नाही, क्रूच्या जिवावर हे फॉर्म काय करतात ते मला माहीत आहे. या वेळी भरला. तारीख, सीट नंबर, आणि लिहिलं की माझ्या रांगेच्या मुलीनं मला योग्य वेळी दारू नाकारली, तिचा हिशेब बरोबर होता आणि माझा चुकला होता. खाली एक ओळ घातली, बार बंद आहे असं न सांगता सरळ देणार नाही म्हणाली असती तरी चाललं असतं, पण त्यासाठी आधी कंपनीनं तिच्या पाठीशी उभं राहायला हवं.

आठवड्यानं उत्तर आलं. पेय सेवेत आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत, संबंधित कर्मचाऱ्याशी याबाबत बोलण्यात येईल. सोबत माझ्या खात्यावर दोन हजार पॉइंट जमा.

मी त्याच रात्री परत लिहिलं की ही तक्रार नव्हती, तिला मेमो देऊ नका, पॉइंट काढून घेतलेत तरी चालतील. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.